सातव्या पोपटाचा डोळा

आमच्या आळीत दर अकरा वर्षांनी चीनहून एक सांडणी येते. सांडणी म्हणजे उंटाची मादी. हिला दोन वशिंडं आहेत, आणि वय दोन हजारांच्या वर आहे.

त्या वाटेनं रेशमाचा धंदा बंद होऊन किती शतकं झाली ते शिकलेल्यांना ठाऊक. तिला कुणी सांगितलं नाही. तिचा मालक वाटेत बर्फात गेला आणि जाताना 'थांब' म्हणायचं राहून गेलं. म्हणून ती चालत राहिली. जायला साडेपाच वर्षं, यायला साडेपाच. नकाशात ती वाट आमच्या गावावरून जात नाही, असं शाळेतले देसले मास्तर म्हणायचे. मास्तरांनी तिला नकाशा दाखवलाही होता. तिनं तो खाल्ला.

आळी साळ्यांची. घरटी एक माग, कुठं दोन. पैठण्या विणायच्या आणि दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नाला पाठवायच्या, हा आमचा धंदा. सांडणी येते ती मागावरच्या बायकांशी बोलत बसते, आणि मराठीही ती त्यांच्याकडूनच शिकली. सगळी आळी तिला मावशी म्हणते. माझा आजाही मावशीच म्हणायचा.

मावशीचा एक नेम आहे. पाठीवरचं रेशीम ती विकत नाही. तुमच्याकडचं असं काहीतरी द्यायचं, जे तिच्याकडे नाही. वस्तू नव्हे. वस्तूचं ओझं तिला पुरेसं आहे. एखादी गाठ मारायची पद्धत, एखादी चव, एखादी शिवी. ते ती पुढच्या गावाला देते आणि तिथलं घेऊन त्याच्या पुढच्या गावाला. आमच्या आळीत चहात चिमूट मीठ टाकतात ते तिच्यामुळं. पाहुणा आला की आम्ही छातीवर हात ठेवतो, तेही तिच्यामुळं. आता दोन हजार वर्षं फिरलेल्या जनावराकडे नाही असं काय असणार? म्हणून बहुतेक लोक हात हलवत परत जातात.

मागल्या खेपेला मी घरी नव्हतो. पैठणीसाठी जरीची तार आणायला गेलो होतो. परत आलो तर बायकोच्या हातात एक लडी होती. रंगाला नाव नाही. वांगी म्हणावा तर नाही, मोराच्या मानेचा म्हणावा तर तोही नाही.

"काय दिलंस बदल्यात?" मी विचारलं.

"होतं घरात," ती म्हणाली. एवढंच.

आता इथं मी गाढवपणा केला. बाजारात खोटं रेशीम फार. म्हणून नवा धागा आला की हातभर तोडायचा आणि काडी लावायची. केस जळल्यासारखा वास आला तर माल खरा. माझ्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं. मी हातभर धागा तोडला आणि चुलीजवळ बसून जाळला. केस जळल्याचा वास आला. "खरा आहे," असं मी तिला सांगितलंसुद्धा. वर शहाण्यासारखी मान हलवली.

दोन हजार वर्षं ओझं वाहणाऱ्या बाईचा माल मी काडी लावून तपासला.

त्या धाग्यानं बायको स्वतःची पैठणी विणत होती. आयुष्यभर लोकांच्या विणल्या, ही एक तिची. पदरावर सात पोपट, एका ओळीत. अंगं दुसऱ्या रेशमाची, डोळे तेवढे त्या रंगाचे. सहा डोळे झाले आणि सातव्याला धागा संपला. कमी किती पडला? हातभर.

पैठणी ओळीनं वर चढते. एक डोळा रिकामा ठेवून पुढं जाता येत नाही. माग तिथंच थांबला.

"काळा घाल की," मी म्हणालो होतो.

"सहा एका नजरेचे आणि सातवा परक्या नजरेचा? त्याला काय वाटेल?"

अकरा वर्षं तो माग तसाच उभा होता. आम्ही दुसऱ्या मागावर पोट भरलं. जळलेल्या धाग्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं; मी भांडून मोकळा झालो असतो.

यंदा तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, होळीपर्यंत दिसेल, पुढं उजेड-अंधार कळेल तेवढंच. मावशी यायची मार्गशीर्षात. मी बोटांवर मोजलं. बसत होतं.

आणि नेमकं यंदाच नगरपालिकेनं आळीत नव्या फरशा बसवल्या आणि तोंडाशी टेबल टाकून एक बाई बसवली. जनावर आत न्यायचं तर नोंद पाहिजे.

मावशी सकाळी आठ वाजता आली. तोंडाशीच अडवली. मी धावत गेलो. म्हणजे जेवढं धावता येतं तेवढं.

टेबलावरच्या बाईंचं आडनाव निकुंभ. तरुण पोरगी, वागायला सरळ. तिनं फॉर्म काढला.

"काका, जनावराचं वय?"

"दोन हजार शंभरच्या आसपास."

"दोनच चौकोन आहेत."

"मग नव्व्याण्णव टाका."

"कमी टाकलंस तरी मला राग नाही गं," मावशी म्हणाली.

निकुंभ मॅडमनी नव्व्याण्णव टाकलं. "मालकाचं नाव?"

"वारले," मी म्हणालो.

"मग मृत्यूचा दाखला लागेल. तारीख तरी?"

"तारीख नव्हती," मावशी म्हणाली. "बर्फ होता. डोंगराच्या अलीकडं. सकाळी उठायला हाक मारली तर उठला नाही. त्याची टोपी आहे माझ्याकडं."

तिनं मान वाकवली. मानेखालच्या पिशवीत मेंढीच्या कातड्याची टोपी होती, झिजून कागदासारखी झालेली. निकुंभ मॅडमनी ती दोन्ही हातांनी घेतली, आतून बाहेरून पाहिली, आणि तशीच जपून परत ठेवली. मग फॉर्मवर लिहिलं : दाखल्याऐवजी टोपी पाहिली.

"येण्याचं कारण?"

"घरगुती," मावशी म्हणाली.

"शेणाची जबाबदारी कोण घेणार?"

"मी," मी म्हणालो, आणि सही केली. सहीला मला वेळ लागतो. दोघीही थांबल्या.

तोवर बायको भिंतीला हात लावत लावत तिथवर आली होती. मावशीनं तिला हुंगलं. "भागीरथी, डोळ्यांना काय झालं गं तुझ्या?"

"म्हातारपण, दुसरं काय. मावशी, हातभर धागा पाहिजे."

"हातभर? मागल्या खेपेला मोजून पुरेसा दिला होता."

मी जमिनीकडं बघितलं. नव्या फरशा चांगल्या बसवल्या होत्या.

"मी जाळला," मी म्हणालो. "खरा आहे का बघायला."

मावशीनं बराच वेळ रवंथ केलं. "मग? निघाला खरा?"

"निघाला."

"बरं झालं. मलाही कधीतरी शंका यायची."

पण नेम म्हणजे नेम. हातभर असो की गाडाभर, तिच्याकडे नसलेलं काहीतरी द्यायला पाहिजे. आणि या वेळी मीच द्यायचं, कारण जाळला मी. मी करडईच्या तेलातल्या ठेच्यानं सुरुवात केली.

"तुझ्या पणजीनं दिलाय," मावशी म्हणाली.

मग साळ्याची गाठ, तुटलेला धागा जोडायची.

"ती तुम्हीच माझ्याकडून घेतलीत रे."

मग मी तिच्या कानात एक शिवी सांगितली. ती आमच्या घराण्याबाहेर कुठं नाही, अशी माझी समजूत होती.

"तुझ्या आजाची. तिकडं फरगाण्यात घोड्यांना देतात. लागू पडते."

निकुंभ मॅडम घड्याळ बघायला लागल्या. दहा वाजले होते. दीड तासात तीन गोष्टी सांगून झाल्या होत्या, कारण प्रत्येक गोष्ट मावशी आधी नीट आठवून बघते. बायको सकाळपासून उपाशी उभी. मागाचा विषय असला की तिला भूक कळत नाही. लग्न झाल्यापासून हेच. ताट मागाशी नेऊन ठेवायचं आणि ओरडायचं, हे काम माझं. मला राग आला.

"तू कशाला उभी इथं?" मी तिच्यावर ओरडलो. "भाकरी झाकून ठेवलीय. जा घरी. गिळ आता, गार होतंय!"

"ते आहे माझ्याकडं," मावशी म्हणाली.

"काय आहे?"

"हेच. गिळ आता, गार होतंय. मागल्या खेपेला भागीरथीनं दिलं. त्याचीच लडी दिली होती की."

मी बायकोकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती, म्हणजे तिला दिसत होतं तिकडं.

"फार चाललं ते," मावशी सांगायला लागली. "काशगरात म्हातारे आपल्या बायकांना म्हणतात. बल्खच्या बाजूला पाहुण्याला म्हणतात, छातीवर हात ठेवून. डोंगरातल्या एका गावात तर ते लग्नात म्हणायला लागलेत. नवरा-नवरीपुढं एकच वाडगा ठेवतात आणि सगळं गाव एका सुरात म्हणतं. अर्थ कुणाला माहीत नाही. पण ऐकून रडतात."

"अगं, ही माझी वसवस आहे," मी बायकोला म्हणालो. "दुसरं काही नव्हतं द्यायला?"

"घरात तेवढंच चांगलं होतं," ती म्हणाली.

निकुंभ मॅडमनी फॉर्म उलटा करून ठेवला आणि उगाच पेनाचं टोपण शोधायला लागल्या. टोपण पेनालाच होतं.

मग माझ्याकडे एकच गोष्ट उरली. ती मला द्यायची नव्हती.

बायको रहाट फिरवून कांडीवर धागा गुंडाळायला बसली की काहीतरी गुणगुणते. शब्द नाहीत, चारच ओळी. तिला ते माहीतच नाही. बावन्न वर्षं मी ऐकतोय आणि बावन्न वर्षं मी गप्प आहे. कारण आमच्या शेजारच्या पार्वतीला कुणीतरी सांगितलं होतं, 'तू झोपेत हसतेस.' तेव्हापासून तिचं हसणं बंद झालं. माणसाला असलं काही सांगू नये. सांगितलं की माणूस स्वतःकडे लक्ष ठेवायला लागतं, आणि मग ते संपतंच.

पण होळीला तीन महिने होते आणि सातवा पोपट अकरा वर्षं आंधळा होता.

मी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलासमोर उभं राहून ते गुणगुणलो. मला गळा नाही. रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. थांबून बघून गेल्या. तिसऱ्या ओळीला माझा सूर घसरला, चौथी कशीबशी ओढून आणली.

मावशीनं डोळे मिटले. पामीरपासून पैठणपर्यंतचं सगळं तिनं आठवून बघितलं असणार, कारण साडेअकरा वाजले.

"नाही माझ्याकडं," ती म्हणाली. "कुणाचं हे?"

"हिचं."

"माझं?" बायको म्हणाली. "मी कधी म्हणते असं?"

"रहाटावर. रोज."

तिनं पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, गेलं. बावन्न वर्षांचं गेलं.

मावशी खाली बसली. मी गाठोडं सोडलं. लडीत तोच रंग होता. मागितला होता हातभर, पण मापताना मावशीनं हात स्वतःचा धरला, आणि उंटाचा हात माणसाच्या तिप्पट असतो. धागा दिल्यावर ती माझ्याकडं बघत राहिली. मी काड्यापेटी खिशातून काढून निकुंभ मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती जमा करून घेतली आणि पावती दिली.

मावशी पुढच्या घरांकडं गेली. आम्ही आमच्या घरात आलो.

बायको मागावर बसली. धागा कांडीवर मी भरला, रहाट मी फिरवला. तिनं बोटांनी आंधळ्या पोपटाची चोच चाचपली, मग कपाळ, मग डोळ्याची जागा. ती विणत होती आणि घरात आवाज नव्हता. गुणगुणणं नव्हतं. मी रहाटाशी बसून ती शांतता ऐकत होतो. पोपटाला डोळा मिळाला, हे खरं. पण मला रडू येत होतं, आणि ते मी खोकल्यात घालवत होतो.

"झाला का बघा," ती म्हणाली.

मी वाकलो. सातवा पोपट माझ्याकडं बघत होता. बाकीचे सहाही.

"बघतोय," मी म्हणालो.

तेवढ्यात आळीच्या दुसऱ्या टोकाकडून मावशीचा आवाज आला. निघाली होती. तेच गुणगुणत होती, घोगऱ्या आवाजात, मान हलवत. तिसऱ्या ओळीला आली आणि बरोब्बर माझ्यासारखी घसरली.

बायकोचा हात थांबला.

"अहो, चुकीचं शिकवलंत तुम्ही तिला."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आता हे असंच चीनपर्यंत जाणार." ती उठली, भिंतीला धरून दारात गेली आणि मोठ्यानं तिसरी ओळ म्हणाली. नीट, सुरात. मग चौथी. मग पहिल्यापासून सगळं, सावकाश, समजून-उमजून. तिकडून मावशीनं परत म्हटलं. पुन्हा चुकली. बायकोनं पुन्हा म्हटलं. असं चार वेळा झालं. शेजारची रखमा दारात येऊन उभी राहिली. आळीच्या तोंडाशी निकुंभ मॅडम उभ्या राहिल्या.

पाचव्या खेपेला मावशीला जमलं. मग ती वळणावरून दिसेनाशी झाली. मी फावडं घेऊन गेलो आणि माझी जबाबदारी पार पाडली.

परत आलो तर बायको पुन्हा मागावर. पुढची ओळ चढत होती, आणि ती गुणगुणत होती. आता तिला माहीत होतं, तरी गुणगुणत होती.

मी भाकरी, वांग्याची भाजी आणि कांदा ताटात घेतला आणि ताट मागाशी ठेवलं. तिनं मान वर केली नाही. शब्द माझ्या तोंडाशी आले आणि अडले. एवढ्या मुलखात चाललेली गोष्ट. लोक लग्नात म्हणतात. मी आधी खाकरलो. छातीवर हात ठेवला.

"गिळ आता," मी म्हणालो. "गार होतंय."