दम्मामला उतरलेले अनारसे

अनारशांवर खसखस असते, हे मंजिरीला आठवलं तेव्हा डबा स्कॅनरच्या पट्ट्यावर चढलेला होता.

आज सकाळपर्यंत त्या डब्याचा तिला पत्ताच नव्हता. पुण्याहून दुबईपर्यंत आणि दुबईहून जहाजावर तो आईच्या दोन साड्यांच्या घडीत गपचूप आला होता. आज सकाळी जहाज दम्मामच्या धक्क्याला लागलं, आईने बॅगेच्या तळाशी ठेवलेला जुना काळा अबाया काढून अंगावर चढवला आणि हातात कापडी पिशवी घेतली.

"आई, अबाया आता सक्तीचा नाही. तुला सांगितलं होतं मी."

"तुझ्या वेळी नसेल. माझ्या वेळी होता."

"आणि पिशवीत काय?"

"अनारसे. माजिदला."

"यंदा आपल्याकडे दिवाळी नव्हती ना?"

"नव्हतीच. हे दिवाळीचे नाहीत. माजिदचे आहेत."

बाबांना जाऊन सहा महिने होत आले होते. आषाढापासून आई घराच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. या जहाजाच्या सहलीलाही ती आधी नाहीच म्हणाली होती. पण कार्यक्रमात एका दिवसापुढे 'दम्माम' छापलेलं दिसलं आणि तिने चष्मा काढून विचारलं होतं, "केव्हा निघायचं?"

बाबांनी, म्हणजे श्रीकांतरावांनी, इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये एकोणीस वर्षं नोकरी केली. मग सौदायझेशनचं वारं सुटलं. प्रत्येक परदेशी इंजिनिअरच्या शेजारी एक स्थानिक मुलगा आणून बसवण्यात आला. बाबांच्या शेजारी माजिद बसला. त्यांनी त्याला पंपापासून परमिटपर्यंत सगळं शिकवलं, आणि तो नीट शिकला तेव्हा खुर्ची त्याच्या हवाली करून दोन बॅगा घेऊन पुण्याला परतले. बाबा चिडले नाहीत. म्हणून त्यांच्या वाटचं मंजिरीच चिडली. बाबा मात्र तिथे असताना दर दिवाळीत डबाभर अनारसे प्लांटवर नेत, आणि परतल्यावरही कुणी दम्मामला निघालं की त्याच्याबरोबर माजिदसाठी स्वतःच्या हाताने डबा बांधून पाठवत.

आता तो डबा स्कॅनरमध्ये होता. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. पुण्यात ती वाण्याकडे जिऱ्याच्या शेजारच्या बरणीत मिळते. इथे मात्र ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. सामानात खसखस सापडून अडकलेल्या लोकांबद्दल जेवढं म्हणून छापून आलं होतं, तेवढं सगळं मंजिरीने वाचलेलं होतं. मुळात तिचं वाचन फार, हीच तिची अडचण.

स्टीलच्या डब्याचा पडद्यावर नुसता काळा गोळा दिसला. पट्टा थांबला.

"ओपन, प्लीज," गणवेशातली अधिकारी मुलगी म्हणाली. नकाबातून तिचे फक्त डोळे दिसत होते.

आईने झाकण उघडलं आणि डबा तिच्यापुढे धरला. "खा गं बाळा. घरचे आहेत."

यातला एकही शब्द कळायचं त्या मुलीला काही कारण नव्हतं. तिने एक अनारसा उचलला, नकाबाची कड जराशी वर केली आणि तुकडा तोडला. डोळे मोठे झाले. "माशाअल्ला!" तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. तो आला आणि त्याने दोन घेतले.

"व्हॉट इज ऑन टॉप?" दुसरा खाता खाता त्याने विचारलं.

"सिमसिम," मंजिरीच्या तोंडून गेलं. तिळाला अरबीत सिमसिम म्हणतात, हे लहानपणचं ज्ञान नको त्या वेळी कामाला आलं.

त्याने अनारसा डोळ्यांजवळ नेला. "व्हेरी स्मॉल सिमसिम."

"इंडियन सिमसिम," मंजिरी म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि शिक्का मारला. मंजिरीने मनातल्या मनात कलमं मोजायला घेतली. बाळगणे, आयात करणे, वाटप करणे, तेही सरकारी नोकरांना, तेही ड्यूटीवर असताना. वर खोटी जबानी.

"आई, चल लवकर."

"अगं, ती मुलगी आणखी एक मागत होती."

"चल म्हणते ना!"

आईला खरं सांगून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. आईचा खरेपणा पुण्यात अख्ख्या सोसायटीला पुरून उरला होता. भाजीवाल्याकडून चुकून जास्त आलेली कोथिंबीर परत द्यायला ती रिक्षा करून गेली होती. खसखशीचं कळलं असतं तर ती तश्शी उलटी फिरली असती, त्या मुलीचा हात हातात घेऊन म्हणाली असती, "बाळा, चूक झाली हो."

बाहेर, आईने फोनवर कळवल्याप्रमाणे, माजिद उभा होता. अंगात पांढरा स्वच्छ, पायघोळ थोब, दाढीत थोडं पांढरं. मंजिरीने त्याला इतकी वर्षं मनात बारीक डोळ्यांचा ठेवला होता. त्याचे डोळे मोठे होते आणि आत्ताच भरून आले होते. त्याने छातीवर हात ठेवला.

"अहलन, उम्म मंजिरी." मग प्लांटवर शिकलेल्या हिंदीत म्हणाला, "अबू मंजिरी बोलते थे, एक दिन सबको लेकर आऊंगा." उम्म म्हणजे आई, अबू म्हणजे वडील; इथल्या रीतीने बाबांना तो मंजिरीच्या नावाने ओळखत होता, हे तिला आज कळलं. ती रस्त्याकडे बघत राहिली.

गाडी सुरू होताच आईने मागच्या सीटवरून डबा पुढे केला. माजिदचा हात मागे आला.

"गाडी चलाते वक्त नहीं!" मंजिरी जवळजवळ ओरडली.

"ठीक, ठीक. घर पे," माजिद हसला. "आजकल गाडी भी संभाल के, सब कुछ संभाल के. प्लांट में बहुत सख्ती है. नशे का टेस्ट, अचानक. कल मेरा नंबर है."

मंजिरीने डोळे मिटले. खसखस खाल्ल्यावर लघवीच्या तपासणीत अफू दिसू शकते, हेही तिने वाचलेलं होतं. म्हणजे बाबांनी रिकामी केलेली खुर्ची बाबांच्याच अनारशांपायी जाणार. दहा वर्षांपूर्वी अशी बातमी आली असती तर तिने गुपचूप पेढे खाल्ले असते. आता समोर आरशात माजिदचे ते भरलेले डोळे दिसत होते, आणि तिला काहीतरी करणं भाग होतं.

समुद्रकिनाऱ्याच्या बागेपाशी माजिदने गाडी थांबवली. आई आणि तो कठड्याला टेकून प्लांटच्या जुन्या गोष्टी बोलत होते. "मी धरते पिशवी," म्हणत मंजिरीने ती घेतली, खजुराच्या झाडांमागे गेली, कचऱ्याच्या पिंपात डबा सोडला आणि संथ पावलांनी परत आली. जरा वेळाने मागून पळत्या पावलांचा आवाज आला.

"मॅडम! मॅडम! आपका डिब्बा गिर गया था!"

नारिंगी कपड्यातला सफाई कामगार. डबा त्याने पुसूनही आणला होता.

"बघ, किती प्रामाणिक माणसं," आई म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर दोन अनारसे ठेवले. "कुठले तुम्ही?"

"छपरा, माताजी."

मंजिरीने कलमांत आणखी एकाची भर घातली.

आता एकच मार्ग उरला होता. वाटेत एक मॉल लागला. "मला जरा जाऊन यायचंय," ती म्हणाली.

"मग डबा कशाला नेतेस?"

"पिशवीत माझा रुमाल आहे."

स्वच्छतागृहाचं दार लावून तिने कमोडचं झाकण पाडलं, त्यावर रुमाल अंथरला आणि अनारसे काढले. खरवडायला पर्समध्ये होतं ते फक्त पुण्याच्या वाचनालयाचं सभासदकार्ड. एकेक अनारसा तळव्यावर धरून ती कार्डाची कड चालवू लागली. खर्र, खर्र. दाणे तळणात घट्ट चिकटलेले. एक अनारसा मोडला, तो तिने पुरावा नष्ट करण्यासाठी खाऊन टाकला आणि मग त्याच्यावर खसखस होती हे आठवून तिला घाम फुटला.

दारावर टकटक झाली. "सिस्टर? आर यू ओके?"

"स्टमक!" मंजिरी म्हणाली आणि खरवडत राहिली. खर्र, खर्र.

बाहेर पर्स उघडल्याचा आवाज आला. मग दाराखालच्या फटीतून पोटदुखीच्या दोन गोळ्या आत सरकल्या. "अल्ला यश्फीक," देव बरं करो, असं आवाज कळवळून म्हणाला.

सगळे दाणे तिने रुमालावरून कमोडमध्ये झटकले आणि पाणी सोडलं. ते तरंगले. पुन्हा पाणी सोडलं. थोडे गेले, बाकीचे गोल गोल फिरत वर आले. बाहेर त्या बाईने पुन्हा एकदा अल्लाचं नाव घेतलं. शेवटचा दाणा गेला तेव्हा मंजिरीचं डोकं हलकं झालं. आता माजिदने कितीही खावेत.

माजिदच्या घरी त्याच्या बायकोने, हेसाने, आईला दारातच मिठी मारली. गालिच्यावर जेवण झालं. भाताची परात एवढी मोठी होती की आईने हळूच विचारलं, "आणखी कोण कोण यायचंय?" मग कहवा आला, आणि आईने पदर सावरावा तशी अबायाची बाही सावरून डबा मधोमध ठेवला. झाकण उघडलं.

आत बोडके अनारसे होते. तांबूस, ओरखडलेले, एकाही दाण्याशिवाय.

आईचा हात झाकणावर तसाच राहिला. मंजिरी गालिच्यावरची नक्षी पाहू लागली.

आणि माजिद एकदम ओरडला, "हेसा! देखो! मैं बोला था ना?"

हेसा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. माजिद सांगू लागला. मागच्या वर्षी हेसाने इंटरनेटवर बघून अनारसे केले. बघते तर वर काहीतरी बारीक दाणे लावायला सांगितलेले. हिने रवा लावला. माजिदने तिला सांगितलं, हे चूक आहे, खऱ्या अनारशावर काही नसतं, वर फक्त अशा रेघा असतात. इंटरनेटला काय कळतंय! "अबू मंजिरी हर साल लाते थे. पूरी शिफ्ट खाती थी. ऐसा ही. साफ."

"साफ?" आईने विचारलं. "हमेशा?"

"हमेशा, उम्म मंजिरी. कितनी बार देखा."

आईने मान वळवून मंजिरीकडे पाहिलं. "तू काय केलंस?" तिने मराठीत विचारलं.

"खरवडले."

"का?"

"आई, हळू बोल. खसखस... इथे तुरुंगात टाकतात. आणि उद्या याची तपासणी आहे."

"खसखस?" आई म्हणाली. "अगं, तो राजगिरा आहे."

मंजिरीने डब्यात पुन्हा डोकावून पाहिलं.

"आपण इथे आलो त्या पहिल्याच वर्षी शेजारच्या ताजुन्निसाभाभींनी सांगितलं मला. मी तर येताना पुडी घेऊनच आले होते बॅगेतून. हातपाय गार पडले माझे. मोरीत ओतली सगळी. तेव्हापासून आपल्या घरी अनारशाला राजगिरा. पुण्यातसुद्धा तोच, हाताला सवय झाली म्हणून."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"त्यांना? सांगितलं असतं तर झोपले असते का ते? बायकोने खसखस आणली होती एवढं कळलं असतं तरी स्वतः जाऊन हजर झाले असते पोलिसांत. घाबरट माणूस. म्हटलं, नकोच ते. निमूट राजगिरा लावू. त्यांना कुठलं समजतंय..."

आई बोलता बोलता थांबली. डब्याकडे बघितलं. माजिदकडे बघितलं. मंजिरीला तो विचार आईच्या चेहऱ्यावर पायरी पायरीने चढताना दिसला.

"म्हणजे ते..." आई म्हणाली.

"हो."

"दरवर्षी?"

"तुला घाबरवायचं नसेल त्यांनाही."

"म्हणून!" आईने मांडीवर थाप मारली. "म्हणून दर दिवाळीनंतर गाडीला मुंग्या! मी विचारायची, अहो, कंपनीच्या गाडीत मुंग्या कशा? तर म्हणायचे, या देशात वाळू फार आहे. वाळूला मुंग्या लागतात का गं? खसखस समजून गाडीत बसून खरवडत होता तो माणूस! राजगिरा!"

आणि आई हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती उशीवर कलंडली. आषाढापासून तिचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. हेसा कागदी रुमालांचा डबा घेऊन धावली, कारण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसण्याचंच होतं की नाही, हे आता कुणालाच नक्की सांगता आलं नसतं.

"क्या हुआ?" माजिदने घाबरून मंजिरीला विचारलं.

मंजिरीने सांगायला सुरुवात केली. "अबू मंजिरी..." ती म्हणाली आणि तळहातावर नखाने खरवडून दाखवलं.

आईने डोळे पुसले. डब्यातला एक अनारसा उचलून उजेडात धरला, त्यावरून बोट फिरवलं, कड तपासली.

"कडेचासुद्धा दाणा ठेवला नाहीस," ती म्हणाली. "अगदी त्यांचाच हात." आणि तिने तो अनारसा माजिदच्या हातावर ठेवला.