चिंचेची चौकशी

आमच्या मधुदादाच्या गोष्टीतला माणूस स्टँडवरून शाळेकडे निघाला, की आधी मला चालावं लागतं.

मधुदादा माझा थोरला चुलतभाऊ. तीस वर्षं कॅनडात आहे. कॉलेजात गोष्टी लिहायला शिकवतो आणि स्वतः मात्र आमच्या हसनाबादच्याच लिहितो. मी सकाळी पिठाची गिरणी उघडली, की त्याचा फोन.

"किसन्या, स्टँडपासून शाळेपर्यंत पावलं किती?"

"सातशे असतील, दादा."

"असतील म्हणजे? बराबर सांग. जाऊन मोज, फोन चालूच ठेव."

मी गिऱ्हाइकाचं दळण सोडून पावलं मोजत निघायचो. एकदा ज्वारी जाड दळली म्हणून एका काकूंशी माझं कडाक्याचं भांडण झालं. ते त्यानं फोनवरून सगळ्या वर्गाला ऐकवलं. "पोरांना एक शब्द कळला न्हाई, पण भांडण बिलकुल कळलं," म्हणाला. माझ्या बायकोला, सुमनला, याचं काडीचं कौतुक नाही.

शेवटचा प्रश्न ठरलेला. "आपल्या दारातली चिंच कशी हाये? पाहून सांग." त्याची प्रत्येक कादंबरी त्या चिंचेखाली सुरू होते.

तीन वर्षांपूर्वी वादळात चिंच पडली. त्याला सांगायचा मला धीरच होईना. मी तिथवर जायचो, रिकाम्या जागेकडे पाहायचो आणि "झकास हाये" म्हणायचो. पुढे तर मी तिच्यावर पोपटही बसवले. दादानं ते कादंबरीत घेतले.

गेल्या दिवाळीला तो न कळवता आला आणि नेमका चिंचेच्या जागी जाऊन उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, दादा. तुला वाईट वाटंल म्हणून न्हाई सांगितलं."

"मला ठाऊक व्हतं. पडली त्याच आठवड्यात सुमननं फोटू पाठवल्ता."

"मंग मला कशाला पिटाळत व्हतास?"

"तू फोन घेऊन चालायचास. तुझ्या चपला वाजायच्या. मधीच कुणीतरी विचारायचं, 'किसनभाऊ, चहा घेता का?' तेवढं ऐकलं की गावात येऊन गेल्यासारखं वाटायचं. तिकडं मला असं कुणी विचारत न्हाई रे."

मला भडभडून आलं. इतकी वर्षं हे बोलला नाही, याचा रागही आला.

काल सकाळी फोन वाजला. "किसन्या, चिंचा गाभुळल्या का?"

"थांब, पाहून सांगतो," म्हणालो आणि चपला घातल्या.

वाटेत हॉटेलवाल्या रशीदभाईंनी हाक मारली, "किसनभाऊ, चहा घेता का?"

मी फोन त्यांच्यापुढे धरला. "आधी दादाला विचारा."