वऱ्हाडपांडे काकांची चाल

भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली तर माणूस खूश होतो. वऱ्हाडपांडे काका पिशवीचं तोंड आवळून उभे राहतात. "भैया, इसमें तुम्हारी चाल क्या है?" त्यांच्या कांचघर मोहल्ल्याच्या बाजारात आता त्यांना कोणी काही फुकट देत नाही.

हे वेड त्यांना आमच्या ऑनलाइन एम.ए.ने लावलं. कारखान्यातून निवृत्त झालेले काका आणि रेल्वेच्या ऑफिसातली मी, दोघं अर्थशास्त्राला. एक पेपर गेम थिअरीचा. म्हणजे समोरच्याची चाल ओळखून आपली ठरवायची. सरांनी तोच खेळ आमच्यावर लावला. जोड्या पाडल्या आणि जोडीदाराचे मार्क आपल्या मार्कांत धरायचं ठरवलं. नोट्स दडवल्या की आपणच बुडलो! माझे जोडीदार काका. माझी बढती या एम.ए.वर अडकलेली, म्हणजे काकांवर.

रोज संध्याकाळी सातला मी त्यांना फोन करून शिकवायची. पेपरातलं मुख्य कोडं: दोन चोर, दोन कोठड्या. दुसऱ्याचं नाव सांगून आपण सुटायचं की गप्प बसायचं?

"पण बेटा, हे दोघं आपसात बोलत काहून नाहीत?"

"काका, कोठड्या वेगळ्या आहेत."

"अच्छा. मग भिंतीवर ठोकायचं ना! मला तर काही समजून नाही राहिलं बा. उद्या पुन्हा सांग."

महिनाभर हेच. शेवटी कोणता चोर सुटतो हे माझंच मला कळेना. परीक्षेला दोन दिवस उरले तेव्हा रडकुंडीला येऊन मी मदन महलच्या माझ्या घरून थेट त्यांचं कांचघरचं घर गाठलं.

काका चहा करायला आत गेले. टेबलावर त्यांची वही उघडी होती. दोन चोरांचा तक्ता, पट्टीने आखलेला, एकही चूक नाही. त्या पानावरून मलाच पहिल्यांदा सगळं समजलं. खाली पेन्सिलने लिहिलं होतं: 'सोमवार – चोर बोलत काहून नाहीत? भिंतीवर ठोकलं तर? मंगळवार – चोरांना बायकापोरं आहेत का?' असं थेट रविवारपर्यंत.

"काका, तुम्हाला तर सगळं येतं!"

काका चहाचे कप घेऊन दारातच थांबले. "येतं म्हटलं असतं, तर तू फोन काहून केला असता?"

मला रागही आला आणि रडूही. मी त्यांच्या हातातला कप घेतला.

दोघंही पास झालो. बढतीची वाटही मोकळी झाली. आता फोन करायचं काही कारण नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सात वाजले आणि मी नंबर लावला.

"काका, ते दोन चोर मला अजून नीट समजले नाहीत."

पलीकडे काकांनी घसा खाकरला.

"बेटा, यात तुझी चाल काय आहे?"