खासदारांच्या पणजोबाचं नाव

माझी बायको शेवंता गेल्याचं गावात कळलं त्या सकाळी सगळ्यात आधी गोमाजी आला. मुलगा अंकुर भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिच्याजवळ होता, मी कपडे घ्यायला घरी आलो होतो. गोमाजी ओट्यावर माझ्याशेजारी बसला, दुपट्ट्यात तोंड घालून रडला, आणि मधेच त्याचे खांदे वेगळेच हलायला लागले.

"काय झालं गा?"

"तो खासदार आठवला, टिकाराम! म्या त्याले पोरीपाहणीचे पोहे खाऊ घातले ना!"

आणि मलाही हसू फुटलं! समोरच्या कुंताबाईनं आमच्याकडे असं पाहिलं, की आता या दोघांनाही भरती करावं लागते!

तुम्हालाही सांगतो. हसू आलं तर हसा. शेवंता तर पोट धरून हसली होती.

बपेऱ्याकडे जंगलाला लागून आमचं गाव. माझ्या आज्यानं तिथे माती टाकून बांध घातले, धान लावलं. बापानं लावलं, मी लावतो. पण सरकारी दप्तरात ती जमीन जंगल आणि आम्ही अतिक्रमणवाले! वनहक्काचा कायदा आला तेव्हा गावात पेढे वाटले. पेढे संपल्यावर कळलं, आम्ही आदिवासी नाही, म्हणून आम्हाला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा लागणार. आज्याला सही करता येत नव्हती. तो कसला पुरावा ठेवणार?

सगळे हात हलवत घरी गेले. शेवंता नाही गेली.

"कायदा दिल्लीत बनते ना? मंग बनवणाऱ्यालेच सांगू, का अट काढा."

"तुझं कोण ऐकते दिल्लीत?"

"तुमी तरी कुठं ऐकता? तरी म्या सांगनं सोडलं का!"

तिनं आजूबाजूच्या गावांतल्या बायका जमवल्या. आणि एक दिवस बातमी आणली, की राज्यसभेचे एक खासदार तुमसरला नाटकाच्या उद्घाटनाला येऊन राहिले. त्यांच्या माणसाला फोन करकरून तिनं असा जीव खाल्ला, की साहेब आमच्या मंडईत थोडा वेळ थांबायला तयार झाले!

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, दिवसा दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. पोरीपाहणीही तेव्हाच. त्याच दिवशी गोमाजीच्या पोरीला, राखीला पाहायला मुलाचा मामा केवळराम लाखांदूरवरून येणार होता. सोयरीक फोनवर निघालेली. गोमाजीनं त्याला पाहिलेलं नव्हतं. आणि राज्यसभेच्या खासदाराला तर आपण मतही देत नाही, त्याचं तोंड कोण ओळखणार?

मी ओळखणार!

"फाट्यावरून साहेबाले सभेत आणाचं काम माझं!" मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं. "माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा तालुक्यात नाही!"

"बैल आणला तो लंगडा निघाला," शेवंता म्हणाली.

"तो बैल होता! हा खासदार आहे!"

मी हार घेऊन फाट्यावर उभा. पांढरी गाडी आली. आतून पांढरे कपडे उतरले, त्यांच्या पुढे पोट, मागे दोन माणसं. आणखी काय पाहिजे? मी हार घातला. बँडवाल्यानं वाजवलं. साहेब एकदम गहिवरले!

"एवढं कायले केलं जी! आमी साधे माणसं!"

काय हा नम्रपणा! मी विचारलं, "कुठून येणं झालं?"

"लाखांदूरवरून."

म्हटलं, तिकडेही दौरा असेल.

शाळेच्या पटांगणात त्यांना खुर्चीवर बसवलं. शेवंतानं भाषण ठेवलंच नव्हतं. एकेका बाईनं उठून एकच वाक्य बोलायचं, असं ठरलं होतं.

जनाबाई उठली. "जमीन आमच्या नावानं लागली पायजे!"

साहेब दचकले. कलाबाई उठली. "नवऱ्याच्या एकट्याच्या नाही! दोघांच्या नावानं!"

साहेबांनी कपाळ पुसलं. शेवंता उठली.

"आन तीन पिढ्यांचा पुरावा कायले मागता?"

"म्या कुठं मागतला, बाई? म्या तर पत्रिकाबी नाही मागतली!"

"म्हणजे पुरावा नको?"

"काही नको!"

"आन जमीन? दोघांच्या नावानं?"

साहेबांनी आपल्या दोन माणसांकडे पाहिलं. दोघांनी माना खाली घातल्या. समोर शंभरेक बाया डोळे वटारून बसलेल्या! साहेब उभे राहिले, छातीला हात लावला आणि म्हणाले, "कबूल!"

टाळ्या काय वाजल्या! शेवंतानं पदर डोळ्याला लावला. इतकी वर्षं ती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली, पण कबूल हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मी मिशीवर हात फिरवला. आणला कोणी?

साहेब खाली बसले आणि म्हणाले, "बरं, आता पोरगी दाखवा."

सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या! मग जनाबाईनं पायातली चप्पल काढली.

"या वयात? खासदार असून?"

"कोन खासदार? मी केवळराम! भाच्यासाठी पोरगी पाहाले आलो!"

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात लंगडा बैल होता.

मग खासदार कुठे?

त्यांचा ड्रायव्हर फाटा चुकला होता. गाडी तलावाच्या पाळीवरून थेट गोमाजीच्या दारात थांबली. दारात गोमाजी पाण्याचा गडवा घेऊन उभाच! साहेबांनी तोंड उघडायच्या आत बूट उतरवलेले आणि पायावर पाणी पडलेलं. आमच्याकडे पायावर पाणी पडलेला पाहुणा न जेवता जात नाही, आणि ओल्या पायानं पळताही येत नाही!

एका पोरानं येऊन सांगितलं आणि आम्ही पळत पोचलो, तेव्हा आत चौकशी चालू होती.

"पोरगा काय करते जी?"

"त्याला राजकारणात आणतोय," साहेब म्हणाले.

"म्हणजे काहीच करत नाही. दारू घेते?"

साहेबांचा घास अडकला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"विचारा लागते जी! बरं, आज्याचं नाव?"

साहेबांनी सांगितलं.

"पणज्याचं?"

साहेब आढ्याकडे पाहायला लागले. तेवढ्यात आम्ही दारात उभे. गोमाजी ताडकन उठला.

"टिकाराम! या मानसाले पणज्याचं नाव सांगता येत नाही! तीन पिढ्यांचा पत्ता नाही आन पोरगी मांगाले आला! मी देत नाही!"

"गोमाजी," मी म्हटलं, "ते खासदार आहेत."

गोमाजी तसाच खाली बसला, थेट पोह्याच्या ताटात!

आणि शेवंता हसायला लागली. दाराची चौकट धरून हसली, खाली बसून हसली. तिच्यामागे सगळ्या बाया. राखीही हातातला चहा सांडून हसली. मग शेवंतानं डोळे पुसले आणि पुढे झाली.

"साहेब, आमच्या आज्याले सही येत नव्हती. तुमचा कायदा आमाले तीन पिढ्यांचा कागद मागते. आता कसं वाटते?"

साहेबांनी आपले ओले पाय जवळ ओढून घेतले.

"बाई," ते म्हणाले, "घाम फुटतो."

त्यांनी निवेदन घेतलं. पुढच्या अधिवेशनात बोललेही. आम्ही टीव्हीवर पाहिलं. बोलले चांगलं, पण समोरची बाकं अर्धी रिकामी होती. अट काही बदलली नाही.

राखीचं लग्न मात्र केवळरामाच्याच भाच्याशी झालं. केवळरामानं शब्द पाळला. तलाठ्याकडे स्वतः उभा राहून त्यानं भाच्याचं शेत दोघांच्या नावानं लावून घेतलं!

मी शेवंताला चिडवायचो, "एवढ्या वर्षांत एकच खासदार तुझ्या कामाला आला, तोही खोटा!"

"अवो, आणला तर तुमीच होता," ती म्हणायची.

त्यानंतर तिनं दर मंडईला कोणाला ना कोणाला धरून आणलं. कोणाचा पीए आला, कोणाचा पुतण्या आला. प्रत्येकाला ती आधी पणज्याचं नाव विचारायची.

यंदाची मंडई पुढच्या आठवड्यात आहे. जनाबाई दोनदा येऊन गेली. म्हणाली, "टिकारामभाऊ, कोणाले बोलवाचं?" मला फोनवर बोलणं जमत नाही. ते सगळं शेवंता करायची.

अजून मी कोणाला बोलावलेलं नाही. अट तशीच आहे, आणि आमच्या जमिनीचा पट्टा मिळालेला नाही.