नाकापर्यंतची माणसं

"डोकी आधी घे गं पोरी, पाय येतील मागनं."

वर्लीनच्या आजीला जाऊन तीस वर्षं झाली होती, पण कॅमेरा डोळ्याला लावला की तो आवाज अजून कानाशी यायचा. वर्लीनने आयुष्यात कुणाचं डोकं कापलं नव्हतं. तिच्या फोटोंचं दुखणं निराळं होतं. ते अंधुक यायचे.

सॅनपीट परगण्याच्या जत्रेत दर ऑगस्टला लोणची, गोधड्या, टर्कीचे नर आणि फोटो चिकटवून सजवलेली स्क्रॅपबुकची पानं यांना बक्षिसाच्या फिती मिळतात. निळी पहिली, लाल दुसरी, पांढरी तिसरी. वर्लीनच्या शिवणखोलीत सहा वर्षांच्या सहा पांढऱ्या फिती टांगलेल्या होत्या, आणि प्रत्येकीला परीक्षकांची तीच चिठ्ठी टाचलेली: पान सुरेख, फोटो अंधुक.

"कॅमेऱ्याला कशाला बोल लावायचा," तिच्या सासूबाई, आर्व्हिला सोरेनसन, दरवर्षी म्हणायच्या. "तुझा हात हलतो, वर्लीन. आमच्यात कुणाचा हलत नाही."

यंदा सासूबाईंना ऐंशी वर्षं पुरी होणार होती. वर्लीनने त्या वाढदिवसाचं पान जूनमध्येच करून ठेवलं. लोण्याच्या रंगाचा कागद, कडेने वाळवलेली लसूणघासाची जांभळी फुलं, वर कापून चिकटवलेली अक्षरं, 'सोरेनसनांचं हसू', आणि मधोमध चार बाय सहा इंचांची रिकामी चौकट. आधी पान, मग प्रसंग, ही तिची रीत.

"लोक आधी जगतात, मग चिकटवतात," नवरा डेल्मर म्हणाला. "तू आधी पाळणा रंगवतेस."

"पाळणा नीट असला तर पोरं नीट निजतात," वर्लीन म्हणाली आणि पान काखेत मारून गावातल्या ऑर्व्हलच्या फोटोच्या दुकानात गेली.

"ब्रदर ऑर्व्हल, सातवी फीत मला पांढरी नकोय. या चौकटीत लख्ख फोटो बसेल असा कॅमेरा दाखवा."

ऑर्व्हल सत्तरीचा, तिच्याच प्रार्थनाघरातला; तिथे सगळे एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणत. त्याने तीन कॅमेरे मांडले. पहिल्याला इतकी बटणं की वर्लीन म्हणाली, "मला विमान उडवायचं नाहीये." दुसरा साबणाच्या वडीसारखा हातातून निसटला. तिसऱ्याने तिने ऑर्व्हलचाच फोटो काढला आणि पडद्यात निरखून पाहिलं.

"तुमच्या कानातले केस मोजता येतायत."

"ते दिसायला नको होते."

"हाच द्या."

"सिस्टर सोरेनसन, एक ऐकून घ्या. याचा फोटो जरा उंच असतो आणि चार-सहाचा कागद लांबोडा. छापताना वरखाली..."

"कागद चार-सहाचाच," तिने चौकटीवर बोट ठेवलं. "पान झालंय ना."

वाढदिवसाला अंगणात सासूबाई खुर्चीत बसल्या. मागे मुलं आणि मोठी नातवंडं, सुना नाहीत, फक्त रक्ताची माणसं, अशी दहा जणं उभी राहिली. सासूबाईंचे ओठ घट्ट मिटलेले. पुढच्या दोन दातांत त्यांच्या फट होती, आणि ऐंशी वर्षांत ती एकाही फोटोत आली नव्हती.

"आई, जरा हसा की."

"हसतेच आहे. आतून."

सगळी डोकी मावेनात म्हणून वर्लीन मागे सरली. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि तिसऱ्याला बाकावर ठेवलेल्या, सासूबाईंनी स्वहस्ते केलेल्या गाजराचा कीस घातलेल्या हिरव्या जेलीत जाऊन बसली. असा काही आवाज झाला की अकरा सोरेनसन एकदम फुटले. ते हसले तसे शेडमधले टर्कीही त्यांना साथ देत कलकलले. सासूबाई पोट धरून, तोंड उघडून हसत होत्या. वर्लीन उठली नाही. बूड थंडगार होत असताना तिने कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. हात हलला नाही. पडद्यावर तिने डोकी मोजली. अकराच्या अकरा.

संध्याकाळपर्यंत पाहुणे आयडाहोच्या वाटेला लागले. दुसऱ्या सकाळी ऑर्व्हलचं छपाईयंत्र गुरगुरत असताना वर्लीनने जत्रेतल्या फोटोंना जागा हवी म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून कोरं केलं. मग फोटो बाहेर आला. उभी असलेली दहाही माणसं नाकापाशी संपत होती.

"वरखाली काय म्हणत होता तुम्ही?"

"कापलं जातं."

"पुन्हा छापा."

"कार्ड द्या."

वर्लीनने आजीची मनातल्या मनात माफी मागितली.

जत्रेत पान द्यायची मुदत त्याच दुपारी बाराची. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सासूबाईंनी फोटो हातभर लांब धरला. "माझ्या लेकरांचे डोळे कुठे गेले?"

"यात मी कुठला?" डेल्मरने वाकून पाहिलं. "हा. नाही, हा तर आमचा धाकटा लेरॉय. थांब, हा लेरॉय असेल तर तो कोण?"

"स्वतःला ओळखत नाहीस?"

"कसा ओळखणार? सगळ्यांची तोंडं सारखीच आहेत."

वर्लीनने फोटो ओढून घेतला. दहा तोंडं, दहा फटी, जणू एकाच कुंपणाच्या दहा फळ्या निघालेल्या. डोळे, टकलं, केसांचे कोंबडे सगळं कापलं गेलं होतं आणि उरलं होतं नुसतं हसू. खाली खुर्चीत मूळ फट होती, अख्ख्या चेहऱ्यासकट, एकेका सुरकुतीसकट. वर्लीनने पानावरची अक्षरं वाचली, चौकटीला गोंद लावला आणि साडेअकराला गाडी काढली.

शनिवारी पानावर निळी फीत होती. चिठ्ठीत लिहिलं होतं: डोळ्यांवाचून ओळख पटली. फोटो लखलखीत.

पानापुढे गर्दी जमली. लोक फोटोकडे पाहत, मग आर्व्हिलाबाईंच्या तोंडाकडे, मग पुन्हा फोटोकडे. तिघी तर लांबच्या मांडवांतून फट बघायला आल्या. सासूबाईंनी आधी रुमाल तोंडाशी नेला. थोड्या वेळाने तो पर्समध्ये टाकला आणि चौथीला दात दाखवूनच नमस्कार केला.

गर्दी पांगल्यावर सासूबाई निळ्या फितीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"वर्लीन, तुझा हात कधीच हलत नव्हता."

"मग?"

"सात वर्षांमागे थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तुझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या भिंगावर ग्रेव्ही उडाली होती. तू यायच्या आत मी ती भांड्यांच्या पावडरीने रगडून काढली. चांगली दोनदा."