गुत्ता मोडिला त्या खटल्याच्या नकलेची बखर

श्री. आधी शंभूमहादेवाचे चरणी मस्तक ठेवोन, मग न्यायासनास दुरोन नमस्कार करोन, आणि दफ्तरखान्यातील धुळीचा एक कण कपाळी लावोन, ही हकिगत जैसी घडली तैसी लिहिली असे. यात कमी दिसेल ते लिहिणारीचे, अधिक दिसेल ते राज्याचे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण शुद्ध प्रतिपदा, इंदुवासर, ते दिवशी कोणे एके राज्यात, ज्याचे नाव विचारल्यास अर्ज करावा लागतो म्हणोन विचारत नाही, गयाबाई नामे विधवा बाई सोळा सोमवारांचा संकल्प सोडोन उठली, तो दारी राज्याचा खलिता येता जाहला. खलिता होता कन्या रेणुका हिचे नावे. रेणुका पोलीस शिपायाच्या भरतीस उतरली होती आणि धावण्यात पहिली, लेखीत तिसरी येवोन निवडली गेली होती, आणि गयाबाईने शेजारी साखर वाटिली होती. खलित्यात मजकूर ऐसा, की चारित्र्याची पडताळणी करिता आपले नावे फौजदारी गुन्हा एक दिसोन येतो, त्यातून सुटका जाहली असल्यास निकालाची नक्कल कार्तिक अखेर हजर करावी, न केल्यास जागा पुढील उमेदवारास दिली जाईल. आता पाहावे, गुन्हा राज्यास कोणी अर्ज न करता, तिकीट न लाविता, एका पळात सापडला. सुटकाही त्याच राज्याने दिली होती, परंतु ती शोधणे रयतेकडे. देव त्यांस सुखी ठेवो.

गुन्हा तो कैसा, तेही सांगितले पाहिजे. नऊ वर्षांमागे गावात भिकूशेट यांचा दारूचा गुत्ता मातला होता, आणि गयाबाईचे यजमान कोंडिबा तेथलीच पिऊन ऐन चाळिशीत निवर्तले, आणि तेराव्याचे जेवण आटोपताच गावच्या बायका घरातली मुसळे घेवोन निघाल्या आणि गुत्त्याचे माठ फोडोन गटारास दारूचा पूर आणिला. रेणुका तेव्हा अठरा वर्षांची, तीही त्यात होती. मग भिकूशेट यांनी फिर्याद दिली, की बायकांनी घरात घुसोन सरबताचे माठ फोडिले. दोन वर्षे तारखा जाहल्या आणि शेवटी न्यायाधीश महाराज निर्दोष ऐसा एक शब्द बोलिले, तो कानी पडताच सर्वजणी पदर सावरोन मोटारस्थानकाकडे धावल्या, कारण पाचची गाडी चुकली असती. निकाल वाचिला कोणी नाही, नक्कल मागितली कोणी नाही. आमची बायकांची रीतच ऐसी, प्रसाद हाती पडला की पोथीचा शेवट कोण ऐकतो? पुढे वकीलसाहेबही वारले आणि त्यांचे कागद वाण्याकडे पुड्या बांधण्यास गेले.

मग त्याच सोमवारी गयाबाईची स्वारी उपाशीपोटीच तालुक्याचे न्यायमंदिरी दाखल जाहली. तेथे नकला देण्याची खिडकी, आणि खिडकीमागे अच्युतराव दफ्तरदार विराजमान होते. त्यांनी मान वर न करिता पुसिले, "खटला क्रमांक?"

"त्यो ठावं न्हाई, दादा."

"मग कागद कसा काढू?"

"क्रमांक कुठं मिळंल?"

"कागदावर."

बाई मनात ओम नमः शिवाय म्हणोन उभीच राहिली. ओसरीवर राज्याने नवे यंत्र ठेविले होते, त्यावर बोट लाविता घरबसल्या सर्व खटले दिसतात ऐसी पाटी होती. बाईने बोट लाविले, तो यंत्रानेही खटला क्रमांक मागितला. यंत्रात आणि अच्युतरावांत भेद इतकाच, की यंत्र तंबाखू खात नव्हते.

बाई हलत नाही ऐसे पाहोन अच्युतराव कनवाळू जाहले आणि वदले, "हे बघा बाई, आमची वही पहिल्या आरोपीच्या नावाने लागते. सरकार विरुद्ध अमुक आणि इतर. पहिलं नाव सांगा, शोध घेतो. बाकीचे चौदा असोत की चारशे, ते सगळे इतर. एका अर्जात एकच नाव. आणि शोधाचे अर्ज फक्त सोमवारी."

"सोमवारीच व्हय? माझं सोळा सोमवार आजच धरल्यात."

"ते देवाला सांगा. इथे तिकीट लावा."

गयाबाईस वाटले, कोंडिबा आपला धनी, तेव्हा पहिले नाव आपलेच. तैसा अर्ज लिहिला, तिकीट लाविले. सायंकाळी उत्तर आले, आढळ होत नाही.

मग बाईने गावात येवोन, ज्या ज्या सुटल्या होत्या त्या चौदाजणींस देवळात बोलाविले आणि पुसिले, की बायांनो, पहिली कोण होती? येथे मोठे रण माजले. सखूबाई म्हणाली, "पहिलं मुसळ माझं. माझंच मोडलं, त्याचा तुकडा अजून चुलीपाशी हाय." ठमाबाई म्हणाली, "तुझं मुसळ लागलं दाराला! माठाला पयला हात माझा." तिसरी म्हणाली, "तुमी दोघी मागं उभ्या राहून बोंबलत होता, मी बघितलं न्हाई व्हय?" निकालापासोन सात वर्षे प्रत्येकीने हळदीकुंकवास, बारशास आणि लेकीच्या सासरी हाच पराक्रम आपला म्हणोन सांगितला होता, तो आता कोण सोडील? खटला चालता असे तोवर मात्र प्रत्येकजण, मी तर घरी भाकरी थापत होते ऐसे सांगत होती. असो. सुटका जाहली की शौर्य येते, हे पुरुषांतही पाहिले आहे.

निवाडा होईना, तेव्हा दर सोमवारी एकीचे नाव द्यावे ऐसे ठरले. मग श्रावण गेला, गौरी आल्या आणि गेल्या, नवरात्र बसले आणि उठले, दिवाळीच्या पणत्या विझल्या, आणि गयाबाई दर सोमवारी उपाशीपोटी खिडकीशी उभी राहे आणि अच्युतराव सायंकाळी आढळ होत नाही ऐसा प्रसाद देत. एकदा ते म्हणाले, "बाई, गुन्हा तरी नक्की केला होतात ना?" बाई म्हणाली, "केला व्हता की. पर तुमीच न्हाई म्हणालात." चौदा सोमवारी चौदा नावे सरली आणि कार्तिक लागला. रेणुका म्हणाली, "आई, राहू दे. मी शिलाईचा क्लास लावते." गयाबाई म्हणाली, "अजून दोन सोमवार हायेत. घेतला वसा टाकायचा न्हाई."

ते सांजेस सखूबाईचे दारी हे बोलणे चालिले असता तिचे यजमान बाजेवर कलंडले होते, ते डोळे न उघडिता म्हणाले, "कुठला निकाल? भिकूशेटचा? त्यो तर आमी रोज बघतो. भिंतीला हाय."

बायका थक्क जाहल्या. सात वर्षे अर्धा गाव ज्या कागदाखाली बसत होता तो एकीलाही ठाऊक नव्हता, कारण पुरुष तेथून जे घेवोन येत ते वाचण्याजोगे नसे.

मग गयाबाई रेणुकेस घेवोन, उपास सुटला नसता, नाकास पदर लावोन, भिकूशेट यांचे स्थानी प्रवेशती जाहली. बाहेर शीतपेये व शेंगदाणे ऐसी पाटी, आत वास ओळखीचा. भिकूशेट आता गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष असोन अंगी पांढरे कपडे होते. भिंतीवर दत्तगुरूंची तसबीर आणि तिचे शेजारी, झेंडूचा हार घातलेला, काचेच्या चौकटीत न्यायालयाचा निकाल. बाईने सवयीने हात जोडिले, ते नेमके कोणास जोडिले कळले नाही. रेणुका मोठ्याने वाचती जाहली, की सदर ठिकाणी दारूचा गुत्ता होता हे बचावास सिद्ध करता आले नाही, आरोपींनी तो मोडला हे सरकारास सिद्ध करता आले नाही, सबब सर्व आरोपी निर्दोष.

"अब्रूचा कागद आहे वहिनी," भिकूशेट म्हणाले. "त्याच दिवशी अर्ज करून काढला. फौजदार आला की आधी हा दाखवतो. तुम्हांला कशाला पाहिजे?"

"पोरगी शिपाई हुतीया. नंबर उतरून घ्यायचाय."

तत्क्षणी भिकूशेट यांनी खांद्यावरचा टॉवेल चौकटीवर टाकिला. "शिपाई? म्हणजे पहिली धाड माझ्यावर!"

गयाबाई हळूच म्हणाली, "धाड कशाला पडंल, भावजी? दुकानच न्हाई म्हणून लिवून दिलंय की."

पाच गिऱ्हाइके ऐकत होती. टॉवेल तैसाच ठेवावा तर निकालाची लाज वाटते ऐसे होई, आणि काढावा तर शिपाई घडे. भिकूशेट यांनी बहुत विचार केला आणि काढिला. रेणुकेने क्रमांक तळहातावर लिहिला, आणि मग पहिल्या ओळीपाशी थांबोन म्हणाली, "आई, सरकार विरुद्ध भागूबाई आणि इतर चौदा."

भागूबाई म्हणजे गावची सुईण, सत्तरीची, निपुत्रिक. ती पहिल्या तारखेच्या आठ दिवस आधी वारली होती, आणि यमाकडे गेलेलीस कोर्ट काय तारीख देणार म्हणोन कोणी तिचे नाव धरिले नव्हते. गयाबाई तैसीच देवळात गेली आणि बायकांस हे सांगितले. मग ठमाबाई म्हणाली, "म्हातारीच पुढं व्हती. मी तिच्या मागं व्हते." सखूबाई म्हणाली, "मी तुझ्या मागं." पुढचे सोमवारी अच्युतरावांनी कागद पाऊण घटकेत काढिला आणि वर रागे भरले, "मयत आहे म्हणून आधी सांगायचं नाही का?"

सोळाव्या सोमवारी, कार्तिक वद्य तृतीयेस, गोल शिक्क्याची नक्कल हाती आली. घरी चुरम्याच्या नैवेद्याची तयारी चालिली. आणि राज्याचा नियम ऐसा, की नकलेखाली उमेदवाराने मजकूर मान्य ऐसे लिहोन सही करावी. रेणुका लेखणी घेवोन बसली आणि उठेना.

"आई, गुत्ता होता हे सिद्ध नाही, असं लिहिलंय. मग बाबा कुठं प्यायचे?"

गयाबाईने चुरमा कालविणे थांबविले. "माझ्या हातानं पुसलाय त्यांच्या तोंडचा फेस. मला इचारतीस?" मग पुन्हा चुरम्यात हात घालोन म्हणाली, "मान्य म्हणू नगंस. मिळाला म्हण."

रेणुकेने नक्कल मिळाली ऐसे लिहोन सही केली. राज्याने शिक्का पाहिला, सही पाहिली, मधले वाचिले नाही, आणि नेमणूक दिली.

नेमणूक कळताच भिकूशेट पेढे घेवोन दारी आले आणि गोड होवोन म्हणाले, "आमची चौकट जुनी झाली. तुमच्या सहीची एक नक्कल द्या, बाईसाहेब. दुकान नाही असं खुद्द पोलिसाच्या सहीनिशी भिंतीवर असलं, म्हणजे कसं शोभेल!"

रेणुका नव्या गणवेशाची गुंडी लावीत होती. म्हणाली, "काका, दुकानच नाही तर भिंत कुठली? आणि भिंत असेल तर पत्ता सांगा. लिहून घेते."

भिकूशेट यांस घरी दूध उतू जात असल्याचे स्मरले. पेढे मात्र राहिले, ते गयाबाईने गायीस घातले.

येणेप्रमाणे नकलेचे प्रकरण तडीस गेले. त्या गावी गुत्ता नाही ऐसे राज्य म्हणते, आणि तो रोज सांजेस उघडतो ऐसे बायका म्हणतात. दोहोंत कागद राज्याकडे आहे, आणि मुसळे घरोघरी आहेत.