एकशे बारा ओरखडे

माझ्या कामात कोणी चूक काढून दाखवावी! असं मी घरात जरा जास्तच वेळा म्हणतो. बायको म्हणते, "चूक काढायला आधी ते काम कळायला नको का?"

कळायला काय अवघड आहे? तीन वर्षं मी एकाच कृष्णविवराकडे टक लावून बसलोय. त्याच्याजवळून सुटणाऱ्या झोतातला प्रकाश कुठल्या दिशेनं कंप पावतो, ते मोजायचं आणि चित्रावर बारीक पांढऱ्या रेघांनी दाखवायचं. त्यावरून झोताला आवरून धरणारं चुंबकीय क्षेत्र कसं वळलंय ते कळतं. अशा माझ्या रेघा एकशे बारा! अकरा वाजता समिती माझं पोस्टर बघणार होती आणि त्यावर माझ्या नोकरीची मुदतवाढ ठरणार होती.

दहाला छपाईच्या दुकानात गेलो. झोत झकास उमटला होता. रेघ एकही नव्हती!

"रेघा कुठायत?"

"ते ओरखडे होय? पुसले ना साहेब! सकाळपासून तेच करतोय."

"अहो, ते माझं तीन वर्षांचं काम होतं!"

"तीन वर्षं ओरखडेच मारत होता?"

"मूळ फाइल तरी आहे ना?"

"तिच्यावरच तर साफसफाई केली."

घरच्या लॅपटॉपवरची फाइल पाठव म्हणून मी बायकोला फोन लावला. "लॅपटॉप अपडेट होतोय. बारा टक्के झालंय," ती शांतपणे म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

दुकानदाराला माझी दया आली. "पुसले तसे परत काढून देतो की!" म्हणाला, आणि मी हो-नाही करेपर्यंत पांढरं पेन अन् पट्टी घेऊन बसलासुद्धा. माझ्या निम्म्या रेघा वाकड्यातिकड्या होत्या. त्याच्या सगळ्या एका दिशेनं, कवायतीला उभ्या केल्यासारख्या! पण पावणेअकरा वाजले होते. उचललं पोस्टर आणि पळालो.

समितीच्या अध्यक्षबाई पोस्टरसमोर थबकल्या.

"इतकं शिस्तीचं चुंबकीय क्षेत्र! मी तरी आजवर पाहिलं नाही. मोजलंत कसं?"

काहीतरी ठोकून दिलं असतं तर नोकरी पक्की होती. मोह झाला, तुमच्यापासून कशाला लपवू? पण तोंडातून निघूनच गेलं.

"पट्टीनं."

मग सगळंच सांगावं लागलं. बाई हसल्यासुद्धा नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुदतवाढीचं "बघू" म्हणाल्या. दुकानदाराचा नंबर मात्र तिथल्या तिथे लिहून घेतला. त्यांच्या लग्नाच्या फोटोवर ओरखडे आलेत म्हणे!